बांध मोडला, नांगर फिरला नाही

ते प्रकरण आठवलं की आजही मला खुर्चीत स्वस्थ बसवत नाही. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, गुडघे कुरकुरायला लागले, पण त्या अकरा दिवसांची गोष्ट निघाली की मी उठून येरझाऱ्या घालायला लागतो आणि बायको म्हणते, "झालं, आज पण चहा गार होणार." नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, लोणावळ्याच्या बंगल्यांत शनिवार-रविवारी चालणारे नाना तमाशे पाहिले. पण एका टंकलेखकाच्या घरातल्या कॉम्प्युटरनं मला जसं पळवलं, तसं कुठल्या दरोडेखोरानंही पळवलं नाही. नाव कुणाचंच सांगणार नाही. गावं मात्र खरी सांगतो, कारण ती आपल्या मावळातलीच आहेत.

मी तेव्हा मावळातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. शुक्रवारची सकाळ. हजेरी संपवून धरणाकाठच्या तंबूवाल्यांचा आणि घाटातल्या वाहतुकीचा बंदोबस्त वाटून देत होतो. इतक्यात तिकोणा पेठेच्या बाजूची एक सत्तरीची बाई दारात आली. खुर्ची दिली तर बसली नाही. भिंतीला टेकून खाली बसली आणि म्हणाली, "सायेब, माजा बांध मोडला."

बांधाचं भांडण! मावळात पोलिसाला याचा इतका कंटाळा असतो की विचारू नका. अदखलपात्र नोंद करायची, दोन्ही बाजूंना समज द्यायची आणि पुढच्या भाताच्या हंगामापर्यंत विसरून जायचं, ही आमची रीत. मी ठाणे अंमलदाराकडे बोट दाखवणार होतो, तेवढ्यात ती म्हणाली, "मोडनारा माजा पुतण्या हाय. जेशीबी लावून मोडला. म्हनतो, काकी, रान आता माजं. काकानं मरायच्या आदी लिवून दिलंय."

"दिलंय का लिहून?"

"त्यांचा उजवा हात लुळा पडल्याला. घास मी भरवत हुते. ते काय लिवनार?"

मी पेन खाली ठेवलं.

हकिगत अशी होती. या मावशींना मूलबाळ नाही. नवरा दोन वर्षांपूर्वी, बरेच दिवस दवाखान्यात काढून वारला. मागे पावणेदोन एकर रान, एक म्हैस आणि रानातच दोन खोल्यांचं घर. रानातून पवना धरणाचं पाणी दिसतं, आणि पाणी दिसणाऱ्या जमिनीला आमच्याकडे काय मागणी आहे हे मावळात कुणालाही सांगायला नको. पुतण्यानं तलाठ्याकडे काकाचं मृत्युपत्र दिलं, फेरफार नोंदवून घेतला आणि एका बंगलेवाल्याशी बोलणी केली. मावशींनी प्रांत अधिकाऱ्यांकडे दाद मागितली होती. सुनावणी अकरा दिवसांवर होती. त्या दिवशी हातात काही पुरावा नसता तर नोंद कायम झाली असती, दुसऱ्याच दिवशी बंगलेवाल्यानं कुंपण घातलं असतं आणि मावशी घरासकट रस्त्यावर आल्या असत्या. कुंपणानंच शेत खावं तसा प्रकार. ज्याला मांडीवर खेळवला, तोच उलटला होता.

मृत्युपत्राची प्रत मागवली. टाइप केलेलं, एकच पान. खाली डाव्या हाताचा आंगठा आणि दोन साक्षीदारांच्या सह्या. साक्षीदार दोघेही पुतण्याच्या उठबशीतले, पढवलेल्या पोपटासारखे एकच वाक्य बोलणारे. मी म्हटलं, आंगठा खोटा निघाला की काम फत्ते. मूळ कागद आणि जुन्या खरेदीखतावरचा आंगठा असं दोन्ही देऊन खास माणूस पुण्याला अंगुलीमुद्रा विभागात पाठवला आणि रोज दोन फोन करून त्यांचा पिच्छा पुरवला. तिसऱ्या दिवशी अहवाल आला. आंगठा एकाच माणसाचा. खरा!

माझं तोंड कडू झालं. मावशींना बोलावून सांगितलं. वाटलं, रडतील. त्या जराही हलल्या नाहीत.

"आंगठा त्यांचाच हाय," त्या म्हणाल्या. "मीच पुसला त्यो. दवाखान्यात पुतण्या आलता. म्हनला, डॉक्टरला कागुद लागत्यात. शाईची डबी संगं घेऊन आलता. पाच-सहा कागदावर ह्यांचा आंगठा उठवला. मी वल्या फडक्यानं पुसला. दोन दिस निळा ऱ्हायलता."

"कागदावर काही लिहिलेलं होतं का?"

"मला वाचाया येत न्हाई, सायेब. पन कोरा कागुद कोरा दिसतो."

म्हणजे झालं ते असं. आंगठा आधी, मजकूर नंतर! पण हे सिद्ध कसं करायचं? शाईवर छपाई आहे की छपाईवर शाई, हे प्रयोगशाळा सांगू शकते, पण त्यांच्याकडे नंबर लागायला महिने जातात. माझ्याकडे आठ दिवस उरले होते.

काही सुचेना, म्हणून मी ते मृत्युपत्र मावशींना मोठ्यानं वाचून दाखवायला घेतलं. कुठंतरी काहीतरी चुकलेलं सापडेल, एवढीच आशा. कागदाच्या अगदी वर, मधोमध, एक ओळ होती. "श्री फिरंगाई प्रसन्न."

"थांबा," मावशी म्हणाल्या. "कोन प्रसन्न?"

"फिरंगाई."

"ती हितं कशापायी आली? आमच्या घरात वाघजाई! ह्यांचं तसं लय कडक. सोयरिकीची यादी असू द्या न्हाईतर किरानाची चिठ्ठी, वर वाघजाईचं नाव घातल्याबिगार कागुद फुडं जायाचा न्हाई. दुसऱ्याच्या देवीला हात जोडतील, पन घरच्या कागदावर तिला बशिवणार न्हाईत."

मी त्या ओळीकडे बघतच राहिलो. कागदाच्या माथ्यावर आपापल्या देवाचं नाव घालायची पद्धत घरोघरी आहे. इतकी अंगवळणी पडलेली की ती ओळ कुणी वाचत नाही. तलाठ्यानं वाचली नव्हती. मी चार वेळा तो कागद वाचला होता, मीही नाही. मग फिरंगाई कुणाची? पुतण्याची नाही, तोही त्याच घरातला. म्हणजे ज्यानं टाइप केलं त्याची!

शेजारच्या टेबलावर आमच्या महिला हवालदार मुद्देमालाची नोंदवही लिहीत होत्या. कान्हे गावच्या, पस्तिशीच्या, दोन मुलांची आई, बोलायला कमी. मी त्यांना ताई म्हणायचो. त्यांनी मान वर केली. "साहेब, हा फिरंगाईवाला कागद मी बघितलाय."

"कुठं?"

"आपल्याच कपाटात."

पंधरा मिनिटांत त्यांनी अर्जांच्या फायलींतून चार कागद माझ्यासमोर ठेवले. एक लाउडस्पीकरच्या परवानगीचा, एक हरवलेल्या मोबाइलचा, एक चारित्र्य दाखल्याचा आणि एक शेजाऱ्याच्या कुत्र्याविरुद्धचा. चार गावं, चार माणसं, आणि चारही कागदांवर वर तीच ओळ, त्याच वळणाच्या अक्षरात. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच!

"ताई, तुमच्या लक्षात कसं राहिलं हे?"

त्या जरा हसल्या. "आमच्या घरी पत्रिकेवर 'नमो बुद्धाय' असतं, साहेब. शाळेत असताना मुली माझ्या वहीवर वर काय लिहिलंय ते बघायच्या. मग मला पण सवय लागली. कुणाचाही कागद हातात आला की मी आधी माथा बघते."

त्या चार अर्जदारांना फोन लावले. चौघांचं उत्तर एक. सुदुंबऱ्याला एक टंकलेखक आहेत, घरीच टाइप करून देतात, कंपनीतून येता-जाता तिथून करून घेतो, माणूस गोड आहे.

सुदुंबरे दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत. तिथल्या ठाणे दैनंदिनीत नोंद केली, दोन पंच घेतले आणि दुपारी दारात उभे राहिलो. बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटर. त्यावर लोकरीनं विणलेलं झाकण, खालच्या पेटीवर दसऱ्याचं हळदकुंकू अजून टिकून, आणि वर भिंतीवर देवीची तसबीर. टंकलेखक पन्नाशीचे, कपाळाला गंध, बोलणं साखरेसारखं.

"बसा ना साहेब, चहा टाकायला सांगतो. मी आपला टायपिंगवाला. मजकूर पक्षकाराचा, बोटं माझी. आणि कॉम्प्युटर बघायचा तर खुशाल बघा. मागच्या आठवड्यात व्हायरस आला, सगळं साफ करावं लागलं."

मी कॉम्प्युटरचं नावसुद्धा काढलं नव्हतं. चोराच्या मनात चांदणं! मी उत्साहाच्या भरात सरळ पुढे झालो आणि बटणाकडे हात नेला. ताईंनी माझं मनगट धरलं. पंचांसमोर, टंकलेखकासमोर!

"साहेब, चालू करू नका."

माझा पारा असा चढला होता की काही बोललो नाही हेच नशीब. मग त्यांनी हळू आवाजात सांगितलं. कॉम्प्युटर चालू केला की तो स्वतःहून डिस्कवर काहीबाही लिहायला लागतो, आणि आपल्याला हवं असलेलं नेमकं त्याच्याखाली दडपलं जाऊ शकतं. दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला मी त्यांना पाठवलं होतं, स्वतः जायचा कंटाळा म्हणून. त्या दोन दिवसांनी त्या दुपारी माझी लाज राखली. डिस्क काढली, पाकिटात घातली, लाखेची मोहोर लावली, पंचांच्या सह्या घेतल्या आणि सायबर शाखेकडे रवाना केली. त्यांनी आधी तिची हुबेहूब प्रत काढली आणि हॅश नावाचा एक लांबलचक आकडा आम्हाला कळवला. डिस्कवरचं एक अक्षर बदललं तरी तो आकडा बदलतो. थोडक्यात, डिस्कचा आंगठा.

टंकलेखकांना चौकशीला बोलावलं. माणूस मुरलेला. मृत्युपत्र? आठवत नाही. पुतण्या? कुणाकुणाचे चेहरे लक्षात ठेवायचे, साहेब. मी विचारलं, "साफ केलं म्हणजे नक्की काय केलं?"

त्यांच्या चेहऱ्यावर किंचित अभिमान आला. "मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकलो. डी आणि ई अशी दोन पार्टिशन होती, ती डिलीट केली. अर्ध्या मिनिटाचं काम. आता शोधूनही काही मिळायचं नाही."

त्याच संध्याकाळी सायबरच्या उपनिरीक्षकांचा फोन आला. "सर, डिस्क पाचशे जीबीची आहे. त्यात सी तेवढा दिसतो, शंभरचा. बाकीची चारशे जागा मोकळी दाखवते. कुणाच्याच नावावर नसलेली."

मोकळी! मी फोन ठेवला आणि कपाळाला हात लावून बसलो. सुनावणीला पाच दिवस उरले होते.

मावशी रोज सकाळच्या जीपनं यायच्या, फडक्यात भाकरी बांधून, आणि व्हरांड्यात बसून राहायच्या. जा म्हटलं तरी जायच्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यासमोर बाकावर बसलो आणि हरलेल्या आवाजात सांगितलं, "मावशी, त्या माणसाच्या पेटीत तीन भाग होते. त्यातले दोन त्यानं काढून टाकले. आता तिथं नुसती मोकळी जागा दिसते."

"भाग म्हंजी? मदी बांध हुता?"

"तसंच समजा."

"मंग त्यानं बांध मोडला."

"हो."

"बांध मोडला म्हंजी माती कुटं जाती?" त्या माझ्याकडे अशा बघत होत्या जणू मीच अडाणी. "माजा बांध त्यानं मोडला, तरी खाली माजंच भाताचं धस्कट हाय. आज बी जाऊन बगा. नांगर फिरवला तरच जाईल ते. तुमच्या त्या मानसानं नांगर फिरवलाय का?"

मी ताडकन उठलो. आत जाऊन फोन फिरवला आणि उपनिरीक्षकांना नमस्कार-चमत्कार न करता विचारलं, "नांगर फिरवलाय का त्यानं?"

"काय, सर?"

"त्या मोकळ्या जागेवर दुसरं काही लिहिलंय का? का नुसता बांध काढलाय?"

पलीकडून हसू आलं. "नुसता बांध काढलाय, सर. त्यावर काही लिहिलेलं नाही. आतलं सगळं जिथल्या तिथं असणार. मी तेच सांगणार होतो, तुम्ही फोन ठेवून दिलात."

शपथेवर सांगतो, मी टेबलावर अशी थाप मारली की ठाणे अंमलदाराचा चहा सांडला.

मग मला ते सगळं एकदम कळलं, आणि कळलं ते जमिनीच्या भाषेत. डिस्क म्हणजे एक गट. त्याचे पोटहिस्से म्हणजे ही पार्टिशन. कुठला हिस्सा कुठून कुठवर, हे डिस्कच्या सुरुवातीला एका छोट्याशा तक्त्यात लिहिलेलं असतं, आपल्या नकाशासारखं. पार्टिशन डिलीट केलं की त्या तक्त्यातली नोंद खोडली जाते. म्हणून अर्ध्या मिनिटात होतं! जमिनीला कुणी हातच लावलेला नसतो. खरं पुसायचं तर डिस्कच्या पहिल्या टोकापासून शेवटपर्यंत नवीन काहीतरी लिहीत जावं लागतं, आणि त्याला तासन् तास लागतात. टंकलेखकांनी अर्ध्या मिनिटावर भागवलं. शिवाय त्यांची डिस्क जुनी, आत तबकडी फिरणारी. हल्लीच्या चिपवाल्या डिस्कमध्ये नोंद खोडली की पुष्कळदा आतलं पीकही ती स्वतःच काढून टाकते. तशी असती तर मी आज ही गोष्ट सांगत नसतो.

आता त्या चारशे जीबीच्या रानात एक पान शोधायचं होतं. शोधायला खूण तर हातात होतीच. ज्या माणसाचा एकही कागद फिरंगाईशिवाय सुरू होत नाही, त्याच्या डिस्कवर फिरंगाई शोधा! उपनिरीक्षकांनी ती ओळ मराठीत टाकली आणि शोध लावला. पूर्ण दिवस मशीन चाललं. उत्तर आलं, शून्य. एकही कागद नाही.

तीन दिवस उरले. मी ताईंना म्हटलं, "देवीनं पण हात वर केले."

ताईंनी ते चार अर्ज पुन्हा काढले, खिडकीशी नेले आणि अक्षरांवर बोट फिरवत राहिल्या. मग वळून म्हणाल्या, "साहेब, हा जुना फॉन्ट आहे. मी भरतीच्या आधी तळेगावला मराठी टायपिंग शिकले ना, तिथं हाच होता. हा दिसायला मराठी, पण कॉम्प्युटरच्या पोटात इंग्रजी अक्षरंच जातात. मराठीत शोधून कसं सापडेल? बोटं जी बटणं दाबतात, तीच शोधायला पाहिजेत."

"म्हणजे कुठली?"

त्यांनी डोळे मिटले. टेबलावर, कीबोर्ड नसताना, दोन्ही हातांची बोटं चालवली. श्री. फिरंगाई. प्रसन्न. प्रत्येक बोटाखाली कुठलं इंग्रजी अक्षर येतं ते मी एका चिठ्ठीवर उतरवून घेत होतो. वाचायला गेलं तर नुसता गोंधळ, ना इंग्रजी ना मराठी. तसाच तो गोंधळ फोनवर एकेक अक्षर सांगत उपनिरीक्षकांना दिला.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला फोन वाजला. उपनिरीक्षकांचा आवाज इतका चढला होता की रिसीव्हर कानापासून लांब धरावा लागला. "सर! सहाशेच्या वर कागद! रांगेनं! लग्नपत्रिका, अर्ज, भाडेकरार... आणि तुमचं मृत्युपत्र. एक नाही, चार खर्डे!"

"तारीख? तारीख सांगा आधी!"

चारही खर्डे एकाच दुपारचे होते. पहिल्यात काकाचं वय चुकलेलं, दुसऱ्यात मृत्युपत्राच्या तारखेची जागा कोरी, तिसऱ्यात तारीख घातलेली, चौथा थेट छापलेल्या कागदाबरहुकूम. आणि फाइलच्या पोटात ती कधी तयार झाली त्याची जी नोंद होती, ती काकाच्या मृत्यूनंतर चौदा महिन्यांची! वर्षश्राद्धाचं जेवण उरकून मेलेला माणूस मृत्युपत्र करायला बसला होता.

मी ठाण्यात अक्षरशः ओरडलो. लॉकअपमधला एक पाकीटमारसुद्धा उठून उभा राहिला.

पण उत्साहात पाय घसरतो हे सुदुंबऱ्यात शिकलो होतो. वकील म्हणणार, कॉम्प्युटरचं घड्याळच चुकीचं होतं. म्हणून त्याच दुपारी टाइप झालेला दुसरा कागद शोधला. वीज कंपनीच्या नावचा मीटरचा अर्ज निघाला, दुसऱ्या आणि तिसऱ्या खर्ड्याच्या मधोमध. त्या अर्जदाराला गाठलं. भला माणूस, त्यानं पोच जपून ठेवलेली. तिच्यावर आवक शिक्का त्याच दिवसाचा. घड्याळ बरोबर होतं.

टंकलेखकांना पुन्हा बोलावलं. या वेळी मी मृत्युपत्राचा विषयच काढला नाही. विचारलं, "फिरंगाई तुमची कुलदेवी?"

"हो साहेब. तिचं नाव घेतल्याशिवाय मी पहिलं अक्षर टाइप करत नाही."

मी चारही खर्डे एकाशेजारी एक मांडले. चार वेळा फिरंगाई, आणि तिच्याखाली मेलेल्या माणसाचं खोटं.

"हे पण तिचंच नाव घेऊन लिहिलंत?"

ते कितीतरी वेळ त्या वरच्या ओळीकडे बघत राहिले. मग हात जोडले, मला नाही, त्या कागदाला. आणि सगळं सांगितलं. पोलिसांसमोरचा कबुलीजबाब न्यायालयात चालत नाही, त्यामुळं त्या रडण्याला मी फार किंमत दिली नाही. पण त्यांनी एक कामाची गोष्ट सांगितली. पुतण्याकडे आंगठा उठवलेले आणखी कोरे कागद होते. ते त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. तासाभरात आम्ही पुतण्याच्या घरी होतो. कपाटाच्या खणात, साड्यांच्या घडीखाली, पाच कागद सापडले. पाचही कोरे आणि प्रत्येकाच्या खाली एक निळा आंगठा. पंचनामा करून आम्ही ते ताब्यात घेतले.

सुनावणीला मी स्वतः हजर राहिलो. सायबरचा अहवाल, हॅशचा आकडा, वीज कंपनीची पोच आणि ते पाच कोरे कागद पुढे ठेवले. प्रांतांनी अहवाल दोनदा वाचला आणि फेरफार रद्द केला. मावशींना काय झालं ते कळलं नाही. त्यांनी माझ्या बाहीला धरून विचारलं, "रान कुणाचं?"

"तुमचं, मावशी."

"मंग चला," त्या म्हणाल्या. "म्हशीची येळ झाली."

फौजदारी खटला पुढे काही वर्षं चालला. टंकलेखक माफीचा साक्षीदार झाले, पुतण्याला आणि त्याच्या साक्षीदारांना शिक्षा झाली. मी त्याआधीच निवृत्त झालो होतो.

लोक विचारतात, या प्रकरणानं काय शिकवलं. पहिलं म्हणजे, प्रशिक्षणाला स्वतः जावं. दुसरं म्हणजे, जो माणूस आपल्याला अडाणी वाटतो त्याला आपला प्रश्न नीट समजावून सांगावा. सांगताना आपल्यालाच तो कळतो, आणि कधी कधी समोरचा माणूस आपल्यापेक्षा चांगला प्रश्न विचारतो. छत्तीस वर्षांच्या माझ्या नोकरीतला सगळ्यात अचूक प्रश्न एका अक्षर न वाचता येणाऱ्या बाईनं विचारला, हे मी कुठंही छाती ठोकून सांगतो. आणि घरगुती म्हणाल तर, गेल्या वर्षी आमचा जुना कॉम्प्युटर नात्यात एकाला द्यायचा होता. मुलगा म्हणाला, "बाबा, पार्टिशन उडवतो, झालं." मी म्हटलं, "खबरदार! नांगर फिरव." आधी हव्या त्या फायली दुसरीकडे काढून घेतल्या, मग त्यानं पूर्ण पुसण्याचं काम लावलं. सकाळच्या चहाला सुरू झालेलं संध्याकाळच्या दिवाबत्तीला संपलं. मी समोर खुर्ची टाकून बसलो होतो.

शेवटचं एक राहिलं. निकालानंतर मुद्देमालाची विल्हेवाट लागायची होती तेव्हा ताईंचा मला फोन आला. मावशींनी न्यायालयात अर्ज दिला होता. त्या पाच कोऱ्या कागदांतला एक त्यांना हवा होता. सगळे चक्रावले. त्या कागदापायीच तर जमीन जायची वेळ आली होती. मावशींनी एवढंच सांगितलं होतं, "त्यांचा हात हाय त्यो. फोटू एक बी न्हाई माज्यापाशी." न्यायालयानं पाचही कागदांवर आडव्या रेघा मारून 'रद्द' लिहायला लावलं आणि त्यातला एक त्यांना दिला.

यंदा भात कापणीच्या दिवसांत मी तिकोणा पेठेला गेलो होतो. मोडलेला बांध मावशींनी पुन्हा घातलाय, दगड-मातीचा, पूर्वीपेक्षा हातभर उंच. घरात समोरच्या भिंतीवर तो कागद काचेत बसवून लावलाय. दुरून निळा आंगठा तेवढा दिसतो. जवळ गेल्यावर वर एक ओळ दिसली, पेनानं लिहिलेली. 'श्री वाघजाई प्रसन्न.'

"कुणाकडनं लिहून घेतलंत, मावशी?"

"तुमच्या हवालदारीन बाईकडनं. ती म्हनली, आमी देवीचं नाव लिवत न्हाई, पन तुमच्यापायी लिवते." त्यांनी पदरानं काच पुसली. "आता हाय बगा कागुद पुरा. वर देवी, खाली ह्ये. मदी कुनाला काय बी लिवाया जागा न्हाई."